ताईचे मिस्टर गेले, कारवाला प्यायलेला होता. इन्शुरन्स क्लेमचं काय होतं? (बडोदा)

मांजलपूरकर

नमस्कार मंडळी, डोकं ठिकाणावर नाहीये त्यामुळे मागेपुढे लिहिलं तर सांभाळून घ्या. माझ्या ताईचे मिस्टर गेल्या महिन्यात ॲक्सिडेंटमध्ये गेले. वय 38, एसी-फ्रीज रिपेअरिंगचं स्वतःचं काम, दुकान छोटंसं, एक पोरगा हाताखाली. रात्री वाघोडिया रोडकडून काम उरकून ॲक्टिव्हावर घरी येत होते, मागून कारने उडवलं. जागेवरच गेले म्हणायचं, सयाजी हॉस्पिटलला नेईपर्यंत काही उरलंच नव्हतं. कारवाला कुठल्या तरी लग्नातून येत होता, लोकांनी धरून ठेवला तेव्हा त्याला उभंही राहता येत नव्हतं, दोन-तीन जणांनी व्हिडिओ काढलेत.

ताई दांडिया बाजारला राहते, दोन मुलं, मोठी आठवीत धाकटा तिसरीत, आणि सासूबाई. सासरे नाहीत. घरात कमावणारे हेच.

आता प्रॉब्लेम असा की एफआयआरमध्ये न्याय संहितेचं 106(1), 281, मोटार व्हेईकल ॲक्टचं 184, 185 आणि प्रोहिबिशनचं 66(1)(बी) लावलंय, पण रक्त घेतलं दुसऱ्या दिवशी सकाळी. ऑफिसातले एकजण म्हणतात ड्रायव्हर प्यायलेला असेल तर इन्शुरन्स कंपनी एक रुपया देत नाही आणि गुजरात ड्राय स्टेट आहे म्हणजे तर विषयच संपला. तिकडे त्या कारवाल्याचे काका तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी घरी आले, सहा लाख देतो म्हणाले, स्टॅम्प पेपर टाईप करूनच आणला होता. ताईची सासू म्हणते घेऊन टाका, कोर्टकचेरीत कोण पडणार. ताई काहीच बोलत नाही. मी तिचा धाकटा भाऊ, मलाच सगळं बघायचंय आणि मला यातलं काही म्हणजे काही कळत नाही. कुणी यातून गेलंय का? किती मिळतं, किती वर्षं लागतात, आणि तो पेपर सही करावा का?

सुरसागरवाला

फार वाईट झालं भाऊ. पण प्रॅक्टिकल सांगतो, दारूबंदीच्या राज्यात पिऊन गाडी चालवली म्हणजे पॉलिसीच रद्द, कंपनी हात वर करणार. सहाचे आठ करून घ्या नि मोकळे व्हा. कोर्टात पाच वर्षं गेली की तारखांशिवाय काही हातात नसतं.

क्लेमवाले काका

सुरसागरवाले, असं सांगू नका हो, लोक खरं मानून सही करून बसतात. मी सरकारी विमा कंपनीत थर्ड पार्टी क्लेम्सला होतो, रिटायर झालो, आता कारेलीबागेत नातवंडं सांभाळतो. म्हणजे आयुष्यभर तुमच्या समोरच्या बाजूला बसलो, त्यामुळे कंपनी काय करते ते मला आतून माहिती आहे.

पहिली गोष्ट, स्टॅम्प पेपरवर सही करायची नाही. कुणीही नाही, ताईने नाही, सासूबाईंनी नाही. त्यात काय लिहिलेलं असतं ते सांगतो, "आम्हाला पूर्ण वळतर (भरपाई) मिळालं, आता ड्रायव्हर, मालक आणि विमा कंपनीवर आमचा कोणताही हक्क नाही, फौजदारी केस रद्द करायला आमची हरकत नाही." तो कागद मग दोन ठिकाणी जातो, एक हायकोर्टात केस क्वॉश करायला आणि दुसरा आमच्यासारख्यांच्या फाईलला. मुलं लहान आहेत, त्यांचा हक्क आई परस्पर सही करून सोडू शकत नाही, त्याला कोर्टाची परवानगी लागते, पण हे पटवून देण्यातच तुमची दोन वर्षं जातील. काकांना चहा पाजा आणि सांगा वकिलाशी बोला.

आता दारूचं. थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा केलाय तो कुणासाठी? गाडीवाल्यासाठी नाही, रस्त्यावरच्या माणसासाठी. तुमच्या जिजाजींनी ना पॉलिसी घेतली होती, ना ते प्यायले होते. त्यामुळे कारवाल्याची स्वतःची गाडी रिपेअर करायचा क्लेम असता तर कंपनीने दारूचं कारण देऊन नाकारला असता आणि ते बरोबरच आहे, सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये तसंच धरलंय. पण मेलेल्या तिऱ्हाईताच्या घरच्यांचं प्रकरण वेगळं. 2019 च्या दुरुस्तीनंतर, जी क्लेमच्या बाबतीत 1 एप्रिल 2022 पासून लागू झाली, कलम 150 मध्ये ड्रायव्हर 185 प्रमाणे नशेत होता हा बचाव कंपनीला लिहून मिळालाय हे खरं, आणि कंपनीचा वकील तो घेणारच, त्याचं कामच आहे. पण कोर्टं सहसा काय करतात, तर कंपनीला सांगतात आधी वारसांना पैसे द्या, मग तुमच्या ग्राहकाकडून वसूल करा. "पे अँड रिकव्हर" म्हणतात त्याला. ड्रायव्हरकडे लायसन्स नसेल अशा केसमध्ये 2004 पासून हे चालत आलंय, दारूच्या बाबतीत केरळ हायकोर्टाने 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं की पॉलिसीतल्या अटीचा फटका तिऱ्हाईताला बसता कामा नये. तेव्हा वसुलीची भीती त्या कारवाल्याला, ताईला नाही. तो काका सहा लाख घेऊन एवढ्या घाईने का आला असेल याचा विचार करा. कंपनीने चाळीस-पन्नास लाख भरले तर ते त्याच्या पुतण्याच्या किंवा ज्याच्या नावावर कार आहे त्याच्या घरावर येतात.

आणि ड्राय स्टेट. प्रोहिबिशन हा वेगळा गुन्हा, वेगळी शिक्षा, क्लेमशी त्याचा काही संबंध नाही. दमणला पिऊन आला काय नि अकोट्याच्या फार्महाऊसवर प्यायला काय, क्लेम ट्रिब्युनलला, म्हणजे अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या कोर्टाला, बघायचं असतं ते एवढंच की गाडी निष्काळजीपणे कोण चालवत होतं.

तुम्ही मला एवढं सांगा: कार कुणाच्या नावावर, एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून विमा चालू आहे का बघितलं का, जिजाजींचं इन्कम टॅक्स रिटर्न भरलेलं होतं का, आणि त्यांच्या ॲक्टिव्हाचा विमा चालू होता का. शेवटचं विसरू नका, का ते नंतर सांगतो.

मांजलपूरकर

काका, खूप खूप आभार. कार त्याच्या वडिलांच्या नावावर आहे, विमा चालू दाखवतोय. रिटर्न मागच्या दोन वर्षांचे आहेत, त्याआधी भरायचेच नाहीत, शेवटचं 3 लाख वर्षाचं आहे. खरं तर उन्हाळ्यात याच्या दुप्पट कमवायचे पण रोखीत. ॲक्टिव्हाचा विमा मला बघावा लागेल. आणि रक्त उशिरा घेतलं त्याचं काय? हेल्मेट होतं पण पट्टा लावला नव्हता असं पंचनाम्यात आलंय, याने फरक पडतो का?

रावपुऱ्याची वहिनी

मांजलपूरकर, तुमच्या ताईला माझा नंबर द्यायचा असेल तर मेसेज करा. माझे हे 2018 ला गेले, ट्रकवाल्याने, तो पण प्यायलेला. निकाल 2022 ला लागला, मध्ये कोरोनाने दीड वर्ष खाल्लं. मी कायदा सांगत नाही, मला जे झालं ते सांगते.

आमच्या ह्यांचं टेलरिंगचं काम. रिटर्न वगैरे काही नाही. वकिलांनी विचारलं उत्पन्नाचा पुरावा काय, मी म्हटलं पुरावा म्हणजे काय, घर चालत होतं हाच पुरावा. मग घरात शोधलं तर त्यांची मापांची वही सापडली, गिऱ्हाइकाचं नाव, छाती, कंबर, बाही, खाली ॲडव्हान्स किती आणि बाकी किती, खडूचे बोटांचे ठसे पानापानावर. ती वही आम्ही कोर्टात दिली. कंपनीच्या वकिलांनी उलटतपासात मला विचारलं की हे अक्षर तुमच्या नवऱ्याचंच कशावरून, तुम्ही नंतर लिहिलं नाही कशावरून. मी म्हटलं साहेब माझं शिक्षण मराठी शाळेत झालंय आणि ही वही गुजरातीत आहे, त्यांचं दुकानच गुजराती वस्तीत होतं. जज साहेब हसले नाहीत पण लिहून घेतलं. दोन गिऱ्हाइकं साक्षीला आली, त्यातल्या एका बाई तर माझ्या ओळखीच्याही नव्हत्या, त्या म्हणाल्या माझ्या मुलीच्या लग्नाचे ब्लाऊज ह्यांनीच शिवले, मी येणार. शेवटी उत्पन्न आम्ही सांगितलं तेवढं धरलं नाही पण मिनिमम वेजेसपेक्षा बरंच जास्त धरलं.

तेव्हा जिजाजींची बिलबुकं, कस्टमरला पाठवलेले मेसेज, फोनपेचं स्टेटमेंट, पार्ट्स ज्या दुकानातून घ्यायचे त्याची उधारीची वही, सगळं आत्ताच गोळा करा. आणि त्यांचा फोन रिसेट करू नका, सिम चालू ठेवा.

दुसरं म्हणजे पैसे मिळतील तेव्हा सगळे हातात मिळत नाहीत हे ताईला आधीच सांगून ठेवा. मुलांच्या वाट्याची एफडी होते, 18 वर्षांची होईपर्यंत बँकेत, माझ्याही वाट्यातली बरीच रक्कम एफडीला घातली, व्याज दर महिन्याला खात्यात येतं. मला तेव्हा राग आला होता की माझेच पैसे मला मागावे लागतात. पण नातेवाईक उसने मागायला आले तेव्हा त्याच एफडीने मला वाचवलं, सांगता आलं की कोर्टाने बांधून ठेवलेत.

पेढीनामा (वारसांच्या नावांचा दाखला) तलाटीकडून लवकर काढून घ्या, सासूबाईंचं नाव घालूनच काढा, नंतर भांडणं नकोत.

क्लेमवाले काका

वहिनींनी लाखातलं सांगितलं, आणि शेवटचं वाक्य परत वाचा, सासूबाईंचं नाव. हे फक्त घरातल्या शांततेसाठी नाही, याचा हिशोबात सरळ फरक पडतो. कसा ते मांडून दाखवतो.

2009 च्या सरला वर्मा आणि 2017 च्या प्रणय सेठी या दोन सुप्रीम कोर्टाच्या निकालांवर देशभरातले क्लेम मोजले जातात. वर्षाचं उत्पन्न 3 लाख धरा. स्वतःचा धंदा आणि वय 40 च्या आत म्हणून पुढे कमाई वाढली असती याचे 40 टक्के मिळवायचे, झाले 4 लाख 20 हजार. त्यातून माणसाचा स्वतःवरचा खर्च वजा होतो. मागे दोन-तीन जण अवलंबून असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश. ताई आणि दोन मुलं मिळून तीन, म्हणजे उरले 2 लाख 80 हजार. सासूबाई धरल्या की चार, उरले 3 लाख 15 हजार. आता वयाप्रमाणे गुणक, 36 ते 40 ला 15. पहिल्या हिशोबात 42 लाख, दुसऱ्यात 47 लाख 25 हजार. म्हणजे आईचं नाव अर्जात घातल्याने एकूण रक्कम सव्वापाच लाखांनी वाढते, आणि त्यातला वाटा म्हातारीला मिळतो तो तिच्या हक्काचाच आहे.

याच्यावर सहवास गमावल्याचे प्रत्येकी 40 हजार, आणि मालमत्तेच्या नुकसानीचे नि अंत्यविधीचे 15-15 हजार, हे 2017 चे आकडे, दर तीन वर्षांनी 10 टक्के वाढतात. दोनदा वाढून 48,400 आणि 18,150 होतात. चौघांचे नि ते दोन मिळून साधारण 2 लाख 30 हजार. सगळं धरून पन्नासच्या आसपास आलं, शिवाय अर्ज टाकल्या दिवसापासून व्याज, 6 ते 9 टक्क्यांच्या मधे कुठेतरी. आता काकांचे सहा लाख बाजूला ठेवून बघा.

रिटर्नपेक्षा जास्त कमाई होती हे सिद्ध करणं अवघड, कारण कंपनी म्हणणार सरकारला सांगताना 3 लाख आणि कोर्टाला सांगताना 6 लाख, हे कसं? तरी वहिनींनी सांगितलेले कागद लावा, जमलं तर जमलं. एक मात्र करू नका, वारल्यानंतर कुणा सीएला धरून मागच्या तारखेची मोठी रिटर्नं भरायची. फाईलवर बसलेला माणूस भरल्याची तारीख आधी बघतो. मी तरी तेच करायचो.

रक्ताचं: साधारण तासाला 15 मिलिग्रॅमच्या आसपास दारू रक्तातून उतरते. 185 ची मर्यादा 100 मिलिला 30 मिलिग्रॅम. रात्री अकराला जो माणूस उभा राहू शकत नव्हता त्याच्या रक्तात सकाळी थोडंच उरलेलं असू शकतं. कायद्यात अटक झाल्यापासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी असं आहे, ते का झालं नाही हे वकिलाला विचारायला लावा. प्रोहिबिशनच्या कायद्यात आकडा वेगळा आहे, 0.05 टक्के म्हणजे 50 मिलिग्रॅम, त्याच्या वर गेलं तर ते औषधातलं होतं वगैरे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर येते. त्यामुळे असंही होऊ शकतं की एका कायद्याने नशेत आणि दुसऱ्याने नाही. पण घाबरू नका. क्लेमला दारू सिद्ध व्हायलाच हवी असं नाही. मागून धडक, पंचनामा, नकाशा, बघणारे साक्षीदार, एवढ्यावर निष्काळजीपणा ठरतो, आणि तिथे फौजदारीसारखा संशयापलीकडचा पुरावा लागत नाही, कुठली बाजू जास्त संभवते एवढंच बघतात. उलट गंमत अशी की रिपोर्ट कोरा आला तर कंपनीचा दारूवाला बचावच पडतो. ते व्हिडिओ मात्र मूळ फोनमध्ये जपून ठेवायला सांगा, फॉरवर्ड केलेले नकोत.

हेल्मेटचा पट्टा: मागून धडक दिलीय, पट्ट्याने धडक टळली नसती. कंपनी थोडी कपात मागेल. ट्रिपल सीटच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 2020 ला सांगितलंय की नियम मोडला एवढ्याने मृताची चूक ठरत नाही, त्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवावं लागतं. डोक्याला मार होता का ते पोस्टमॉर्टेम रिपोर्टमध्ये बघा, त्यावर ठरेल.

मुदत! सहा महिने. आधी मुदत नव्हती, आता 166(3) मध्ये अपघातापासून सहा महिने आहे. त्या तरतुदीला कोर्टात आव्हान दिलेलं आहे पण त्याच्या भरवशावर बसू नका. पोलिसांनीही ट्रिब्युनलला सविस्तर रिपोर्ट पाठवायचा असतो, 2022 च्या नियमांप्रमाणे 90 दिवसांत, आणि तो अर्ज म्हणून धरता येतो, तरी स्वतःचा अर्ज टाकाच. अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला असता तरी तुम्ही राहता तिथे टाकता आला असता, तुमचा तर बडोद्यातलाच आहे, दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात.

एडिसनचा अजय

मी मूळ बाबाजीपुऱ्याचा, आता न्यू जर्सीला. वाचून वाईट वाटलं. इथे असं झालं की लोक आधी विचारतात तो प्यायला कुठे. कारण इथे बारवर पण केस करता येते, समोर दिसतंय की माणूस झिंगलाय तरी त्याला अजून ओतलं तर. न्यू जर्सीत त्याचा 1987 चा कायदाच आहे. इतकंच काय, 1984 मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने घरी पाहुण्याला पाजून गाडीवर बसवणाऱ्या यजमानालाही जबाबदार धरलं होतं. मुदत मृत्यूपासून दोन वर्षं. तर तुमच्याकडे त्या लग्नवाल्यांवर केस नाही का करता येणार? दारूबंदीच्या राज्यात लग्नात दारू पाजली म्हणजे डबल गुन्हा ना?

क्लेमवाले काका

अजयराव, आपल्याकडे तसा कायदा नाही. पाजणाऱ्यावर प्रोहिबिशनची केस पोलिस करू शकतात, आणि ते करतील तर उत्तमच, पण क्लेमचे पैसे तिथून येत नाहीत. ट्रिब्युनलमध्ये तीनच समोरचे, ड्रायव्हर, मालक, विमा कंपनी. दिवाणी कोर्टात वेगळा दावा कुणी टाकला तर नाही म्हणणार नाही, पण मी तरी माझ्या बहिणीला तो सल्ला दिला नसता. तुमच्याकडे बार शोधावा लागतो कारण ड्रायव्हरची पॉलिसी ठराविक रकमेची असते, ती संपली की संपलं. आपल्याकडे थर्ड पार्टीत मृत्यूसाठी ट्रिब्युनल जेवढी रक्कम ठरवेल तेवढी कंपनी भरते, त्यामुळे दुसरा खिसा शोधायची तेवढी गरज पडत नाही.

राजेंद्रनगर इंदूर

मी इंदूरचा, इथे पण तेच चालतं, फरक एवढाच की आमच्याकडे दारू खुली आहे म्हणून बायपासवर शनिवारी रात्री काय चालतं ते विचारू नका. चुलतभावाच्या केसमध्ये दोन गोष्टी शिकलो त्या सांगतो. हॉस्पिटलच्या बाहेरच जे वकिलांचे एजंट भेटतात, "फी नको, मिळाले तर 20 टक्के द्या" म्हणणारे, त्यांच्यापासून लांब राहा. निकालातल्या रकमेवर टक्केवारी ठरवणं वकिलांना बार कौन्सिलच्या नियमानेच मना आहे, तरी सर्रास चालतं, आणि ते कोरे वकीलपत्र नि कोरे चेक सही करून घेतात. फी ठरवा, लिहून घ्या, बास. आणि लोकअदालतीत कंपनी आकडा घेऊन येते, तो लगेच नाकारू नका आणि लगेच घेऊ पण नका. काकांनी केला तसा हिशोब खिशात घेऊन जा, मग बोला. भावाच्या बायकोने 10-12 टक्के कमी घेऊन तिथेच मिटवलं, कारण अपीलात गेलं असतं तर अजून किती वर्षं कुणास ठाऊक, मला वाटतं बरोबर केलं.

नवापुरा_समीर

फौजदारीबद्दल कुणी बोललंच नाही. 106(1) मध्ये जास्तीत जास्त पाच वर्षं. पण पिऊन चालवणाऱ्याला काय होऊ शकतं हे माहीत असतं असं धरून सदोष मनुष्यवधाचं कलम लागू शकतं, आताचं 105. मुंबईत 2006 ला कार्टर रोडला फुटपाथवर झोपलेली सात माणसं मेली, त्यात सुप्रीम कोर्टाने 2012 ला जुनं 304 भाग दोन कायम ठेवलं होतं, शिक्षा मात्र तीनच वर्षं. चार्जशीट व्हायच्या आधी डीसीपीकडे लेखी अर्ज द्या की 105 लावा, व्हिडिओ सोबत जोडा. फक्त पैशाचं बघू नका, तो उद्या परत पिऊन बसणार गाडीत.

सुरसागरवाला

समीर, 105 लावलं तर ते लोक अजून दबाव आणतील, विचार करून. आणि काका, पे अँड रिकव्हर ऐकून होतो पण दारूला लागतं हे नव्हतं माहीत. मग कंपनी अपीलात गेली तर पैसे अडकतात ना?

क्लेमवाले काका

अपीलाला 90 दिवस, आणि कंपनीला अपील करायचं तर थोडी रक्कम आधी भरावी लागते, पण खरं सांगायचं तर स्टे मागताना हायकोर्ट बहुतेक वेळा बरीच मोठी रक्कम जमा करायला लावतं आणि त्यातली काही वारसांना काढू देतं. त्यामुळे अगदी रिकाम्या हाताने बसावं लागत नाही. समीरचं म्हणणं मला पटतं, अर्ज द्यावा. फौजदारी केस आणि क्लेम दोन्ही वेगवेगळे चालतात, उद्या तो फौजदारीत सुटला तरी क्लेम पडत नाही.

मांजलपूरकर

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री ताईला आणि सासूबाईंना बसवून काकांचा हिशोब वहीत मांडून दाखवला. सासूबाईंना आपलं नाव अर्जात आहे हे ऐकून बरं वाटलं, त्यांना वाटत होतं सगळं सुनेचं होणार. कारवाल्याच्या काकांना निरोप दिला की सही होणार नाही. समीर, अर्ज लिहितोय, व्हिडिओवाल्या दोघांशी बोलणं झालंय, एकजण साक्षीला तयार आहे, दुसरा कां कूं करतोय. वहिनी, तुमचा मेसेज ताईला दाखवला, ती फोन करेल तुम्हाला, आज पहिल्यांदा स्वतःहून काही म्हणाली.

काका, ॲक्टिव्हाची पॉलिसी सापडली, डिकीतच होती, पुढच्या मार्चपर्यंत चालू आहे. तुम्ही म्हणाला होतात नंतर सांगतो.

क्लेमवाले काका

हां. पॉलिसीवर "कम्पल्सरी पी ए टू ओनर ड्रायव्हर" (म्हणजे गाडीच्या मालकाचा स्वतःचा अपघात विमा) असं लिहून पुढे प्रीमियम कापलाय का बघा. कापला असेल, गाडी जिजाजींच्याच नावावर असेल आणि त्यांचं लायसन्स चालू असेल तर त्या पॉलिसीतून ताईला वेगळे 15 लाख मिळतात, चूक कुणाची हे न बघता. त्याला ट्रिब्युनल लागत नाही, त्यांच्याच गाडीच्या विमा कंपनीला उद्याच लेखी कळवा, पोच घ्या. एजंट हे सांगत नाहीत आणि लोक विचारत नाहीत, कित्येक फायली अशाच उघडल्या न जाता राहतात.

आणि बँकेचं पासबुक बघा, दर वर्षी मे-जूनमध्ये 20 रुपये कापलेले दिसतात का. ती पंतप्रधान सुरक्षा विमा योजना, अपघाती मृत्यूला 2 लाख. 436 कापलेले असतील तर जीवन ज्योतीचे अजून 2 लाख. हे लवकर कळवावं लागतं, महिना होत आला म्हणताय तर सोमवारी बँक उघडताच जा. एलआयसी वगैरे जे काही मिळेल ते क्लेममधून वजा होत नाही, सुप्रीम कोर्टाने 1998 मध्येच ठरवून दिलंय, त्यामुळे कुणी घाबरवलं तरी लपवू नका.

पॉलिसीच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून मला पाठवा, मी बघून सांगतो.